भिंतीच्या बाजूनं

डिसेंबर लागला की सिंगापूरमध्ये कपडे वाळत नाहीत. खिडकीबाहेर बांबूच्या काठीवर घातलेली चादर सकाळी ओली, दुपारी दमट आणि संध्याकाळी पुन्हा ओली. पापड मऊ पडतात, टॉवेलांना वास येतो, कपाटाच्या मागच्या फळीवर बुरशी धरते. अशा दिवसांत मला दरवर्षी एक कोरडा डोंगर आठवतो. इतका कोरडा, की तिथे घाम दिसायच्या आधीच उडून जायचा आणि कपाळावर मिठाची बारीक रेघ उरायची.

या वर्षी नुसतं आठवत न बसता मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बूट काढले. ओमानच्या डोंगरांत घातलेले, इथे आल्यावर बुकिट तिमाहच्या टेकडीवर एकदोनदा फिरवलेले आणि मग पिशवीत गुंडाळून जपून ठेवलेले. दिसायला अगदी ठणठणीत. ते घालून मी मोठ्या ऐटीत कॉरिडॉरमधून लिफ्टपर्यंत गेले, आणि मागे वळून पाहते तर आमच्या दारापासून माझ्या टाचांपर्यंत काळा चुरा सांडलेला. बुटांचे तळवे चालता चालता गळून पडत होते.

शेजारच्या रोझी आंटी झाडू घेऊनच बाहेर आल्या. चुऱ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

"आयो! शूज मस्ट वेअर, कॅनॉट कीप वन."

इथल्या दमट हवेत न घातलेले बूट आतल्या आत कुजतात, हे म्हणे सगळ्या सिंगापूरला माहीत आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

श्रीकांत, माझा नवरा, दारात उभा राहून हे बघत होता. "झालं," तो म्हणाला, "आता या वर्षीचं ओमानला जाणं राहिलंच. पुढच्या वर्षी बघू."

हे तो इतक्या पटकन म्हणाला की मला रागच आला. माणसानं थोडं तरी वाईट वाटल्याचं नाटक करावं.

आमचं लग्न ठरवून झालेलं. त्या वेळी पुण्यातल्या लग्नाच्या प्रत्येक मुलाच्या छापील माहितीत छंद म्हणून 'ट्रेकिंग' असायचंच. मुलगा चष्म्याचा असो, पोट सुटलेला असो, गडकिल्ल्यांवर त्याचं प्रेम असायचंच असायचं. श्रीकांतच्याही माहितीत ते होतं. माझ्या माहितीत आत्यानं परस्पर 'निसर्गात भटकण्याची आवड' असं घालून दिलं होतं. माझं भटकणं म्हणजे पर्वतीवर जायचं आणि उतरून भेळ खायची. पण छापलेलं वाचून दोन्ही घरच्यांना आमच्या आवडी जुळल्याचा कोण आनंद झाला. आम्ही दोघं पहिल्यांदा भेटलो तेव्हा आईनं चहाच्या कपाबरोबर हेच पुढे केलं, "हिलाही डोंगर फार आवडतात हं." श्रीकांतनं मान हलवली. मीही हलवली.

लग्नानंतर त्याला ओमानला नोकरी लागली. समुद्रकाठचं बंदराचं गाव, गावाबाहेर रिफायनरी, तिच्या कंट्रोल रूममध्ये हा पडद्यांवरचे आकडे बघत बसायचा. मी घरात. उन्हाळाभर खिडकीबाहेर नुसता पांढरट धुरळा होता. पलीकडे काही आहे अशी शंकाही आली नाही. मग नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत आले तर समोर डोंगर उभे. रात्रीत कोणी आणून ठेवल्यासारखे. अंगावर गवताची काडी नाही, एक झाड नाही. सह्याद्री बघून वाढलेल्या माणसाला ते आधी डोंगर वाटतच नाहीत, कुणीतरी मुरूम खणून त्याचे ढीग घातलेत असं वाटतं. थोड्या वेळानं ऊन चढलं तसे त्या ढिगांना रंग यायला लागले. जांभळट, मग विटकरी, मग भाजलेल्या रव्यासारखे. माझा चहा गार झाला.

"जाऊया का शुक्रवारी?" श्रीकांतनं मागून विचारलं. तिकडे सुट्टी शुक्रवारची.

"जाऊया की," मी म्हटलं. नवीन लग्न होतं. आत्यानं छापून घेतलेलं निभावणं भाग होतं.

अशा रीतीनं तो हिवाळा सुरू झाला. मला उंचीची भीती वाटते, ही गोष्ट मी पहिल्याच शुक्रवारी, पहिल्याच चढावर, स्वच्छ शब्दांत सांगून टाकली. सांगायचं काय, चेहऱ्यावरच दिसत असणार. श्रीकांत म्हणाला, "काही हरकत नाही. मी पुढे चालतो. तू माझ्या सॅकचा पट्टा धर आणि भिंतीच्या बाजूला बघ." मग पूर्ण मोसम आम्ही तसेच चाललो. तो पुढे, मी मागे, माझा एक हात त्याच्या पट्ट्याला आणि दुसरा कड्याला.

तिकडच्या वाटा जुन्या आहेत. गाड्यांचे रस्ते व्हायच्या आधी एका गावातून दुसऱ्या गावात माणसं आणि गाढवं ज्या वाटांनी जायची, त्याच आता हौशी लोकांसाठी राखल्या आहेत. दगडांवर पिवळा, पांढरा, लाल असे पट्टे रंगवलेले असतात, ते बघत जायचं. आमच्यासारखेच आणखी कोणी भेटले तर भेटले, नाहीतर दिवसभर आम्ही दोघंच. शांतता अशी की पहिल्यांदा माझे कान दुखले. पुण्यात शांतता म्हणतात तेव्हा कुठेतरी कुकरची शिट्टी असते, कुत्रं असतं, कोणाचा तरी रेडिओ असतो. इथे श्रीकांतच्या बाटलीतलं पाणी हललं तरी ऐकू यायचं. मग कुठूनतरी बकऱ्या यायच्या. त्या मात्र आगाऊ. आम्ही पराठ्याचा डबा उघडला की त्या कड्याच्या ज्या टोकावरून धावत यायच्या ते टोक बघूनच मी डोळे मिटून घ्यायचे, आणि त्या मजेत येऊन सॅकची चेन चघळायच्या.

सगळ्यांत जास्त वेळा आम्ही गेलो ते जबल शम्सच्या वाटेनं. डोंगराच्या पोटातून निघालेली एक वाट आहे तिथे, घराच्या गॅलरीसारखी. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणजे दरी आहे, पण इतकी खोल की 'काहीच नाही' हेच खरं वाटतं. वाट तशी रुंद आहे, दोन गाढवं शेजारून जातील एवढी, आणि लहान मुलंसुद्धा उड्या मारत जाताना मी पाहिली आहेत. मी आपली कड्याला घासून चालायचे. माझ्या सगळ्या सदऱ्यांचे खांदे त्या हिवाळ्यात विरले.

आणि श्रीकांत पुढे चालत मला दरी सांगायचा.

"खाली तळाशी पाण्याची एक रेघ आहे बघ. तिच्या काठानं खजुराची बाग. बागेला लागून मातीची घरं आहेत, चारपाच असतील. एका घराला निळं दार आहे. दारासमोर कोणीतरी लाल सतरंजी वाळत घातली आहे."

"बघतोयस ना नीट वाटेकडे?" मी ओरडायचे.

"बघतोय गं. आज सतरंजी नाहीये वाटतं. म्हातारी बसली आहे दारात."

मी डोळे कड्याला लावून ऐकायचे आणि ते सगळं माझ्या आत तयार होत जायचं. त्या दाराचा निळा मला अगदी नेमका ठाऊक झाला. पावसाळ्याआधी आमच्या शाळेच्या फाटकाला द्यायचे तसा, जरा जाड, ब्रशचे फराटे दिसणारा.

मला दिसायची ती भिंत. कोणी दरी बघायला जातं, मी भिंत बघून आले, पण ती मी कसून पाहिली. तिच्या एका फटीतून अंजिराचं झाड निघालेलं, मूठभर पानांचं. एका ठिकाणी मुंग्यांची रांग वरून खाली जाते ती दर शुक्रवारी तिथेच. आणि एकदा हाताखाली काहीतरी गोल, खडबडीत लागलं म्हणून वाकून बघितलं तर दगडात रुतलेला शिंपला. मग दिसतच गेले. शिंपले, शंखाचे वळसे, कसल्या कसल्या नळ्या. एवढ्या उंचीवर, ज्या डोंगराला पाण्याचा थेंब ठाऊक नाही त्याच्या अंगात समुद्र भरलेला. मी श्रीकांतचा पट्टा ओढून त्याला थांबवलं आणि दाखवलं. तो मागे वळला, भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि पुष्कळ वेळ त्या शिंपल्यावर बोट ठेवून राहिला. मला वाटलं, कसा रमलाय.

जवळचं बघायची माझी ही सवय एकदा उपयोगीही पडली. दुसऱ्या एका वाटेवर रंगाचे पट्टे सापडेनासे झाले. श्रीकांत म्हणाला, "आपल्याकडे काय करतात? ओढ्याची घळ धरायची आणि उतरत राहायचं. पाणी गावाकडेच जातं." ऐकायला बरोबर वाटलं. उतरलो. घळ कोरडी होती, तळाला पांढरे गोटे, सावलीही बरी. बरंच उतरल्यावर ती एकदम संपली आणि पुढे संगमरवरासारखा गुळगुळीत, सरळ तुटलेला खडक. पावसात तिथून धबधबा पडत असणार. खाली काय आहे ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही, आल्या पावली मागे फिरलो. श्रीकांत अवाक्षर बोलत नव्हता. मग मी म्हटलं, "वर येताना कड्याला चिकटून एक छोटा पाट होता, हातभर रुंद. त्यात पाणी होतं." त्याला तो दिसलाच नव्हता. त्या देशात पाण्याला घळीवर सोडत नाहीत, पाट बांधून डोंगराच्या कडेकडेनं आडवं चालवत नेतात. फलज म्हणतात त्याला. फलजच्या शेजारून आम्ही चालत राहिलो आणि उन्हं कलायच्या आत एका गावात पोचलो. डाळिंबांची झाडं, मातीच्या भिंती, आणि ओट्यावर बसलेले एक आजोबा. "बैठो, बैठो," ते हिंदीत म्हणाले आणि वेलदोड्याची कडू कॉफी आणि खजूर पुढे ठेवले. मला त्या दिवशी एवढं सुख झालं होतं की मी खजुराच्या बियासुद्धा ओढणीच्या टोकाला बांधून आणल्या. पुढे कुठे गेल्या कोण जाणे.

मार्चमध्ये डोंगर पुन्हा धुरळ्यामागे गेले. मला दिवस राहिले होते. पुढच्या हिवाळ्यात ईशा झाली आणि तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधी श्रीकांतला जुरोंग आयलंडवर नोकरी मिळून आम्ही सिंगापूरला आलो. असा तो एकच मोसम. पण काही माणसांचं बालपण संपत नाही, तसा माझा तो हिवाळा संपला नाही. ईशाला भरवताना, झोपवताना मी त्याच गोष्टी सांगायचे. मुंग्यांची रांग, आगाऊ बकऱ्या आणि सगळ्यांत लाडकी, निळ्या दाराच्या म्हातारीची. ती म्हातारी काय खाते, तिची नातवंडं कुठे असतात, सतरंजी कोणी चोरली, हे ईशानंच रचून पूर्ण केलं. ईशाला आता सगळं इंग्रजीतून येतं, पण 'निळं दार' ती मराठीतच म्हणते.

सेम्बावांगमधला हा फ्लॅट घेताना मी खालचा मजला हवा म्हणून हटून बसले होते. श्रीकांतनं एका शब्दानं विरोध केला नाही. "खालचाच बघू. लिफ्ट बंद पडली म्हणजे?" पण खालचा मिळेना, आणि मिळाला तो थेट बाराव्या मजल्यावरचा. इथल्या जुन्या ब्लॉकमध्ये प्रत्येक मजल्याला बाहेरून लांबलचक उघडा कॉरिडॉर असतो. एका बाजूला घरांची दारं, चपलांच्या फळ्या, कुंड्या. दुसऱ्या बाजूला कमरेएवढा कठडा आणि मग हवा. मी पहिल्या दिवशी लिफ्टमधून बाहेर पडले आणि मला जबल शम्स आठवला. तेव्हापासून आम्ही दोघं या कॉरिडॉरमधून भिंतीच्या बाजूनं, एकामागे एक असेच जातो. रोझी आंटी हसतात. "यू टू आह, ऑलवेज लाइक अँट्स. वन बिहाइंड वन." श्रीकांत माझ्यासाठी म्हणून असा चालतो, याचं मला फार कौतुक होतं.

दोन वर्षांमागे कधीतरी मी रोझी आंटींच्या कुंडीला धडकले. मग एकदा एमआरटीच्या फलाटावर एक मुलगा अचानक माझ्या शेजारी उगवला आणि मी किंचाळले. तो बिचारा शेजारीच उभा होता म्हणे. डोळे तपासायला गेले तर तिथे एक यंत्र असतं. हनुवटी टेकवून बसायचं, समोर बघत राहायचं आणि कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी मन लावून दाबत होते. मधे बराच वेळ दिवे लागलेच नाहीत. मला वाटलं यंत्र थांबलं, म्हणून मी मान जरा सैल सोडली. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला तेव्हा कळलं, यंत्र थांबलं नव्हतं. दिवे लागत होते.

काचबिंदू. कडेकडेनं खात येतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचं, म्हणून रोज थेंब घालायचे. समोरचं मला अजून लख्ख दिसतं. पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा. पण दोन्ही बाजू गेल्या आहेत, डावी जास्त. आणि समोरचं किती दिवस, हे त्या बाई सांगत नाहीत. मीही आता विचारत नाही.

घरी येताना बसमध्ये रडले नाही. त्या रात्री भाकरी थापताना मात्र एकदम मनात आलं, आपण ती दरी पाहिली नाही. जगात बघण्यासारखं काय कमी आहे, पण मला तीच आठवली. तेव्हा दोन्ही डोळे शाबूत होते आणि मी ते भिंतीला लावून चालले. आता भिंत दिसायची बंद झाली, फक्त समोरचं उरलंय. तर निदान एकदा त्या वाटेवर उभं राहायचं, तोंड दरीकडे करायचं आणि सरळ बघायचं. पाण्याची रेघ, खजुराची बाग, निळं दार.

मी हे श्रीकांतला सांगितलं तेव्हा तो "नक्की जाऊ" म्हणाला. पहिल्या वर्षी त्याच्या प्लँटचं शटडाऊन निघालं. गेल्या वर्षी ईशाच्या परीक्षा. या वर्षी माझे बूट. प्रत्येक वेळी कारण खरं होतं आणि प्रत्येक वेळी तो जरा सुटल्यासारखा दिसायचा. मला वाटलं, माझ्या डोळ्यांना घाबरतोय. आंधळी होत चाललेली बायको कड्यावर कशी न्यायची, हे त्याला कोणी विचारलं तर काय सांगणार? मला त्याचं समजत होतं आणि तरी राग येत होता. समोरचं चौकटभर जग दर महिन्याला कुठून किती आत येतंय, हे मला कळत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यात दरी मावेल की नाही, कोण सांगणार?

ईशाला हे सगळं येडेपणाचं वाटतं. "आई, यू स्केअर्ड ऑफ हाइट्स, नाउ यू कॅनॉट सी प्रॉपरली, देन गो फॉर व्हॉट?"

"दरी बघायला," मी म्हटलं.

"यूट्यूब हॅज, लाह."

यूट्यूबवर मी मुद्दाम बघितलं नव्हतं. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट फोनच्या पडद्यावर कोण बघेल?

तर बूट गळून पडले त्याच संध्याकाळी मी ठरवलं, याला दाखवून द्यायचं. बाराव्या मजल्यावरून खाली बघता आलं तर तिथेही बघता येईल. दुसऱ्या दिवसापासून श्रीकांतची कंपनीची बस जायच्या आधी मी कॉरिडॉरमध्ये सराव सुरू केला. पहिल्या दिवशी कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहून समोर बघितलं. दूरवर शिपयार्डच्या क्रेन आणि त्यांच्यापलीकडे खाडीची करडी पट्टी. मग कठड्याला हात लावला. मग दोन्ही हात. आणि एक नवीन गोष्ट लक्षात आली. कडेचं काही दिसत नसल्यामुळे कडेची भीतीही कमी झाली होती. मला दिसतो तो समोरचा गोल, घरातल्या ताटाएवढा. त्या ताटात जे येईल तेवढंच बघायचं. हे जमण्यासारखं होतं.

शनिवारी पाऊस थांबलेला बघून मी श्रीकांतला बोलावलं. "चल. आज मी थेट खाली बघणार. तू मला तेव्हासारखं सांग, म्हणजे धीर येईल."

तो माझ्यामागे बाहेर आला. मी कठडा धरला.

"हं," तो सांगायला लागला, अगदी त्याच जुन्या आवाजात. "खाली ती चालायची छपराची वाट आहे. तिच्या शेजारी झाडं. रेन ट्रीच्या डावीकडे मुलांचं मैदान. लाल घसरगुंडी आहे. एक छोटी मुलगी घसरगुंडीवर चढतेय."

आवाजानं खरंच धीर आला. मी मान वाकवली, हळूहळू, माझं ताट खाली नेत नेत, छपरावरून, झाडावरून, मैदानावर. तिथे हिरव्या पत्र्यांचं कुंपण होतं. आत नुसती उकरलेली माती आणि तिच्यात पावसाचं तळं. घसरगुंडी नव्हती. काढून नेली होती, नवी बसवायची असणार. पत्र्याच्या आत मुलगी कुठून येणार?

"लाल घसरगुंडी कुठंय?" मी विचारलं.

"ती काय. डावीकडे."

मी मागे वळले. बाजूचं दिसत नाही त्यामुळे मला सगळी मान फिरवावी लागते. श्रीकांत माझ्या जवळ नव्हताच. तो आमच्या चपलांच्या फळीला पाठ लावून, दाराच्या बिजागरीला एका हातानं धरून उभा होता. चेहरा पांढरा. डोळे माझ्या पाठीवर.

मला सगळं एकदमच समजलं असं नाही. आधी वाटलं, बरं नाहीये का? मग ते सगळे शुक्रवार एकेक करून माझ्यासमोरून गेले. शिंपल्यावर बोट ठेवून बसलेला, भिंतीला पाठ टेकलेला तो. घळीच्या टोकाशी गप्प झालेला तो. खालच्या मजल्याला लगेच हो म्हणणारा, कंट्रोल रूमच्या बाहेर कधी न पडणारा, मुंगीसारखा भिंतीनं चालणारा तो. शिवाय त्या उंचीवरून दाराचा रंग कोणाला दिसेल, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"तू दरी पाहिलीस का?" मी विचारलं.

त्यानं बिजागरी आणखी घट्ट धरली.

"श्रीकांत, निळं दार आहे का नाही?"

"होतं," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात चहाच्या यंत्राशेजारी कॅलेंडर होतं. त्याच्यावर."

"ते गाव त्या दरीतलं होतं?"

"काय माहीत! सगळं अरबीत लिहिलेलं."

मला हसू फुटलं. इतकं, की रोझी आंटींनी दार किलकिलं केलं आणि पुन्हा लावलं. मग तितकाच राग आला. "मी आपल्या मुलीला त्या दारावर वाढवली! म्हातारीला नातवंडं दिली! आणि तुझं ते ट्रेकिंग? माहितीत छापलेलं?"

"सिंहगड," तो म्हणाला. "दह्यासाठी."

"मग नेत कशाला होतास मला दर शुक्रवारी?"

"तुला आवडतं म्हणून. तुझ्या माहितीत होतं."

आम्ही दोघं दारात उंबऱ्यावरच बसलो, चपलांच्या शेजारी. मग तो बोलायला लागला. पहिल्या शुक्रवारी त्यानं एकदा खाली बघायचा प्रयत्न केला होता. तोल गेल्यासारखं झालं. आणि माझी मूठ त्याच्या पट्ट्याला होती. "मी हललो असतो तर तूही आली असतीस," तो म्हणाला. "मग ठरवलं, बघायचंच नाही. वाट बघायची फक्त. पण तू मागून इतकी घाबरून श्वास घेत होतीस, म्हणून काहीतरी सांगत सुटलो. बोलत राहिलो की तुझा श्वास सावकाश व्हायचा. माझाही व्हायचा."

मी त्या सगळ्या हिवाळ्यात भिंत पाहिली होती. त्यानं आपल्या बुटांच्या पुढची हातभर वाट. आणि दरी कोणीच नाही. मला आवडलेला तो मोसम खोटा होता का, हे मी मनात तपासून बघितलं. नव्हता. आवडल्याचं दोघांनी एकमेकांसाठी सुरू केलं असेल, पण मधे कुठेतरी ते खरं झालं होतं. नाहीतर इतक्या वर्षांनी डिसेंबरच्या ओल्या टॉवेलांत मला त्या दगडांचा वास कशाला आला असता?

"आणि आता ने म्हटलं की टाळत होतास."

"तिथे नेल्यावर तू बघशील आणि दार नसेल," तो म्हणाला. "मला वाटलं, नंतर जेव्हा तुला... तेव्हा निदान ते दार तरी असू दे तुझ्याजवळ."

'नंतर जेव्हा' हे आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी बोललं. बोलल्यावर ते तेवढं भयंकर वाटलं नाही. मी त्याचा हात हातात घेतला. घामानं चिंब होता.

"दार नसेल तर नसेल," मी म्हटलं. "जे आहे ते बघायचंय मला. चालताना तू पुढे. बघायला थांबलो की मी पुढे, तू माझा पट्टा धर, आणि या वेळी मी सांगते."

"खरं सांगशील?"

"हे तू विचारतोस!"

त्या दुपारी आम्ही जानेवारीची तिकिटं काढली. संध्याकाळी टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये जाऊन बूट घेतले, मला एक जोड आणि त्याला एक. विकणाऱ्या पोरीनं त्याला विचारलं, "अंकल हायकिंग अ लॉट, इझ इट?" तो म्हणाला, "नो. स्केअर्ड ऑफ हाइट्स." किती हलकं म्हणाला. ईशाला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिनं आधी कपाळाला हात लावला. मग जरा वेळानं खोलीतून बाहेर येऊन विचारलं, "सो द म्हातारी ऑलसो नॉट रिअल?" ती मात्र खरी आहे, मी म्हटलं, तिला तू केलीस.

बूट आम्ही रोज घालतो. मार्केटला, लाँड्रीला, सगळीकडे. जपून ठेवायचे नाहीत, असं आंटींनी बजावलंय.

काल सकाळी पाऊस उघडला होता. मी पाठीला सॅक लावून कठड्याशी गेले. श्रीकांत माझ्या मागे, पट्टा धरून. रोज तो चपलांच्या फळीपासून एक फरशी पुढे येतो, हे आमचं चाललेलं आहे.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं. डोळे घट्ट मिटलेले असणार, आवाजावरून कळतं.

"छपराच्या वाटेवर पाणी साचलंय. एक बाई भाजीची ट्रॉली ओढत चाललीय. कावळे नाहीत आज. साळुंक्या आहेत. मैदानाचे पत्रे काढलेत. नवी घसरगुंडी बसवली आहे."

"कसली?"

"निळी."

तो हसला. "मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस हं."

"श्रीकांत, निळी आहे."

पट्ट्यावरची मूठ आवळली. मग ती सुटली. माझ्या डाव्या बाजूचं मला काही दिसत नाही, खांद्याला खांदा लागला तेवढंच कळलं, आणि कठड्यावर माझ्या हाताशेजारी एक ओला हात. मी मान वळवली नाही. खालच्या मैदानावरच ताट धरून ठेवलं. बराच वेळ तो श्वास घेत राहिला, आधी भराभर, मग सावकाश.

"निळीच आहे गं," तो म्हणाला.